मधली काच

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा काचा कापण्याचा व तसबिरींना चौकटी बसवण्याचा, राहणार स्वतःच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र सकाळचा चहा झाल्यावर, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट घरात कोणाला सुगावा लागू नये म्हणून खाली दुकानात शटर अर्धे ओढून बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी ते तपासून "जपा" एवढेच सांगितले आणि पुढचे बोलताना खिडकीबाहेर पाहिले, त्यावरून मी समजायचे ते समजलो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाईंनी मला एक नमुना दिला आहे. त्यात प्रत्येक कलमात एक वस्तू आणि एक माणूस येतो आणि विषय संपतो. आमच्या घरात वस्तू थोड्या आणि भानगडी जास्त, त्यामुळे माझी कलमे लांबतील. वकीलबाईंनी रागावू नये.

कलम १. माझी माणसे

माझ्यामागे दोन वारस आहेत : पत्नी आणि मुलगी. पत्नी ही माझी दुसरी पत्नी. तिने लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षे नर्सचे काम केले, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. लग्नानंतर सहा महिने माझ्याही तोंडून सिस्टरच निघायचे आणि तीही न चिडता "काय दुखतंय?" असे विचारायची. मुलगी माझ्या पहिल्या पत्नीची. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि ती बारा वर्षांची असताना सिस्टर घरात आली. लहानपणी ती दुकानातली पट्टी घेऊन पलंगापासून माझ्या नाकापर्यंत सगळे मोजत फिरायची, त्यावरून तिचे नाव फुटपट्टी पडले. आज ती चौतीस वर्षांची आहे. रस्ते आणि पूल बांधण्याआधी जमीन मोजायचे काम करते, हाताखाली दहा माणसे आहेत, आणि मी फोनवर अजून फुटपट्टीच म्हणतो.

या दोघी बावीस वर्षांत एकमेकींशी धड बोललेल्या नाहीत. भांडतही नाहीत. फुटपट्टी वर्षातून दोनदा येते, तीन दिवस राहते, पाहुणीसारखी वागते आणि जाते. मी गेल्यावर या दोघी एकमेकींच्या कोणीच उरणार नाहीत, याची मला फार काळजी वाटते. हे मृत्युपत्र लिहायला घेण्याचे खरे कारण तेवढेच आहे.

कलम २. घर व दुकान

दोन्ही माझ्या स्वकष्टाचे आहे. दोन्ही पत्नी व मुलगी यांना समान हक्काने, न वाटता देत आहे. मध्ये भिंत घालू नये. दुकान भाड्याने द्यायचे झाल्यास तळणाचे काही करणाऱ्याला देऊ नये, वास वर येतो.

कलम ३. हत्यारे

काच कापायचा हिरा, लाकडी पट्टी आणि काटकोन फुटपट्टीला. हिरा धार गेल्यासारखा वाटला तरी टाकू नये, तो हातावर बसायला वर्ष घेतो. भिंतीला भोके पाडायचे मशीन माझ्या धाकट्या भावाने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेले. ते मी त्याला देऊन टाकत आहे. अट एवढीच की त्याने एकदा ते आणून दाखवावे, म्हणजे मशीन आणि भाऊ दोन्ही चालू आहेत हे कळेल.

कलम ४. माशांची टाकी

पुढच्या खोलीतली सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी मी बारा मिलिमीटरच्या काचेची, त्याच खोलीत बसून, स्वतः जोडली आहे. ती दारातून बाहेर जात नाही. हे टाकी पूर्ण झाल्यावर लक्षात आले. जन्मभर काच मोजणाऱ्या माणसाने दार मोजले नाही यावर फुटपट्टी अजून हसते. पाण्यासकट तिचे वजन एखाद्या लहान मोटारीएवढे भरेल, म्हणून घर ज्यांचे, टाकी त्यांचीच.

टाकीत सध्या राहतात ते असे. ठाणेदार, जात ऑस्कर, वय अकरा, लांबी फूटभर, हातातून दाणा घेतो आणि उशीर झाला की काचेवर तोंड आपटतो. कोतवाल, जात टेक्सास, वय नऊ, अंगावर मोत्यासारखे ठिपके, स्वभाव मुळीच मोत्यासारखा नाही. दोघेही सिक्लिड कुळातले, म्हणजे हुशार, मालकाला ओळखणारे आणि जागेसाठी जिवावर उठणारे. याशिवाय सहा रुपेरी चपटे मासे, ज्यांना मी 'मंडळी' म्हणतो, आणि तळाशी एक मोठा सकर, जो काच चाटून साफ ठेवतो व कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो. यांच्यातल्या काहींना अजून पाच-सात वर्षे आयुष्य आहे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. सिस्टर हे माझ्यापेक्षा चांगले करते, फक्त कबूल करत नाही.

कलम ५. सोबती निवडण्याबद्दल

यांच्यातला एखादा गेला आणि दुसरा आणावासा वाटला, तर दोघींनी हे कलम वाचून मगच दुकानात जावे. मी सगळे चुकून शिकलो आहे.

मोठ्या सिक्लिडच्या तोंडात जो मावतो तो त्याचा सोबती नसतो, त्याचा खाऊ असतो. फुटपट्टी दहा वर्षांची असताना तिने खाऊच्या पैशातून पाच इवलेसे निळे चमकणारे मासे आणले आणि मी दुकानात असताना टाकीत सोडले. संध्याकाळी एकही नव्हता. तिने विचारले, "बाबा, ते लपलेत का?" मी हो म्हणालो. ती आठवडाभर दगडांमागे वाकून मोजत होती. आजवर मी तिला खरे सांगितलेले नाही. ते खाल्ले गेले, बाळा.

लांब झुलत्या पंखांचे, संथ, दिमाखात फिरणारे मासे घेऊ नयेत. पंखांच्या चिंध्या होतात. एकाच जातीचे, एकाच मापाचे दोन नर तर मुळीच नकोत. मासेवाल्याने मला एकदा असे दोन दिले आणि वर म्हणाला, "काका, सख्खे भाऊ आहेत, भांडायचे नाहीत." मी तेव्हाच माझ्या भावाची आठवण काढायला हवी होती. चवथ्या दिवशी एक उरला. हा राग मी मासेवाल्यावर अनेक वर्षे धरला, आता सोडत आहे. त्याला काहीतरी ठेवलेही असते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणतात, आणि मला त्याची सही जास्त हवी आहे.

सोबती घ्यावा तो अंगापिंडाने बरोबरीचा, स्वभावाने वेगळा. एक वरच्या पाण्यात राहणारा, एक तळाचा, म्हणजे दोघांचे रस्ते फार वेळा एक होत नाहीत. चपळ माशांची एक टोळी जरूर असावी. मंडळी निर्धास्त फिरताना दिसली की ठाणेदारालाही वाटते की आसपास धोका नाही, आणि त्याचा पारा उतरतो. घरात सतत येणारीजाणारी माणसे असली की दोन तापट माणसे जरा सांभाळून वागतात, तसेच हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नवा मासा आणायचा त्या सकाळी टाकीतले सगळे दगड, ओंडके, सगळे हलवावे. जुन्या माशाला त्याची जागाच सापडली नाही पाहिजे. मग सगळेच नवे होतात आणि नव्याला पाहुणा समजून कोणी धावून जात नाही. हे मला मासेवाल्याने शिकवले, पण बावीस वर्षांपूर्वी सिस्टर घरात आली त्या दिवशी मी एक खुर्चीही हलवली नव्हती. त्याबद्दल पुढच्या कलमात.

कलम ६. मधली काच

सिस्टर आली त्या पहिल्याच संध्याकाळी तिने स्वयंपाकघर आवरले. खिडकीत एक निळा कप होता, आत चहाचा डाग धरलेला. तिने तो सोडा लावून लख्ख घासला. मुलीच्या आईने शेवटचा चहा त्यातून घेतला होता आणि तीन वर्षे आम्ही तो धुतला नव्हता, हे मी सिस्टरला सांगायला विसरलो. फुटपट्टी त्या दिवशी जेवली नाही. सिस्टर एवढेच म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं." तिथून सुरू झाले ते रोज काहीतरी. दार आपटणे, ताट सरकवणे, एकमेकींना अक्षरशः पाण्यात पाहणे.

त्याच महिन्यात टाकीतल्या दोन माशांनीही एकमेकांना फाडून काढले. मी एक जाड काच कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि पाणी खेळायला तळाशी बोटभर फट ठेवून ती टाकीच्या मधोमध बसवली. त्याच दिवशी शांतता. मी स्वतःवर इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणालो, "आजपासून तुम्हाला एकमेकींना काही सांगायचं असेल तर मला सांगा. मी पुढे सांगतो."

दोघी लगेच कबूल झाल्या. मी मोठा शहाणा ठरलो.

एकाच टेबलावर तिघे बसायचो. "त्यांना सांगा, मला उद्या लवकर जायचंय." "तिला सांगा, डबा भरून ठेवते." टपाल सगळे माझ्या हातून. आणि माझ्या हाताला सवय अशी की काच समोर आली की मी आधी तिची कड घासतो. निरोपातले बोचणारे शब्द मी काढून टाकू लागलो. पुढे मायेचे शब्दही काढले, कारण वाटायचे, एकीची माया दुसरीला लुडबूड वाटेल आणि पुन्हा भडका उडेल. अठराव्या वर्षी फुटपट्टी वसतिगृहात गेली, तरी टपाल चालूच राहिले.

टाकीत मासे बदलले, काच तीच राहिली. गेल्या वर्षी मासेवाला पाण्याचा पंप बसवायला आला होता. तो म्हणाला, "काका, ही काच किती वर्षं आहे?"

"एकवीस."

"अहो, काच काय दोन-तीन आठवड्यांची. तिनं भांडण थांबतं, मिटत नाही. हे दोघे रोज एकमेकांना बघतात आणि एकमेकांची ताकद यांना ठाऊकच नाही. दगड हलवा, दोघांना दडायला जागा करा आणि काढा ती."

मी घाबरत काढली. दोन दिवस ठाणेदार आणि कोतवालाने जबड्यात जबडा घालून जोर केला. सिस्टर आणि मी आळीपाळीने स्टुलावर बसून होतो, हातात जाळी. तिसऱ्या दिवशी ठाणेदार डावीकडे ओंडक्याखाली गेला, कोतवाल उजवीकडे दगडांत, आणि मंडळी दोघांच्या मधून निवांत फिरू लागली. नुकसान म्हणाल तर एक फाटका पंख, तोही भरून आला. सिस्टर म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होतो." मला त्या दुपारी जेवण गेले नाही. या घरातली मधली काच मीच आहे, हे मला तेव्हा कळले, आणि फार वाईट वाटले.

कलम ७. जे माझे नव्हते ते ज्याचे त्याला परत

खालील गोष्टींचे श्रेय मी इतकी वर्षे चुकीच्या नावावर ठेवले. ते दुरुस्त करत आहे.

अ) करडा स्वेटर. फुटपट्टी पहिल्यांदा डोंगरात मोजणीला गेली तेव्हा मी तिला दिला आणि दुकानातून आणला असे सांगितले. तो सिस्टरने वॉर्डातल्या जेवणाच्या सुट्टीत विणला. तीन वेळा उसवला, कारण मुलीचे माप मी अंदाजाने सांगत होतो.

ब) भिंगाचा दिवा. सिस्टरच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर वाचायला म्हणून आला, तो मी घेतला असे मी म्हणालो. तो फुटपट्टीने पाठवला. सोबत चिठ्ठी होती : "त्यांना वाचल्याशिवाय झोप येत नाही, उजेड डाव्या बाजूने येईल असा ठेवा." चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. ती सिस्टरला द्यावी.

क) दवाखाना. अकरा वर्षांपूर्वी मोजणी करताना कडा ढासळून फुटपट्टी पडली. मांडीचे हाड मोडले, डोक्याला मार लागला. फोन आला तेव्हा मी तापाने उठूही शकत नव्हतो. सिस्टर एक पिशवी घेऊन निघाली, तेरा तास बसने गेली आणि दोन रात्री, तीन दिवस मुलीच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. "उद्यापर्यंत नीट शुद्धीवर येईल. थांबू का?" मी म्हणालो, "नको. तुला बघून तिला त्रास होईल." ती "बरं" म्हणाली आणि परत आली. चौथ्या दिवशी मी पोहोचलो. मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही कधीपासून इथे आहात?" मी म्हणालो, "पहिल्यापासून."

सिस्टरने हा विषय पुन्हा कधी काढला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. हे तीन दिवस तिचे आहेत, ते मी तिला परत करत आहे.

कलम ८. किरकोळ

बँकेत जे असेल ते निम्मे निम्मे. माझा मोठा फोटो भिंतीवर लावू नये. अगदी लावलाच तर चौकट आपल्याच दुकानातली असावी, आणि साधी. शेजारच्या दुकानाची चौकट दिसली तर मी कुठे असेन तिथून परत येईन.

कलम ९. अंमलबजावणी

व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंना नेमत आहे. माझ्यामागे त्यांनी दोघींना टाकीच्या खोलीत एकत्र बसवून हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे सातवे कलम दोघींच्या कानी एकाच वेळी पडेल.

येथपर्यंतचा मजकूर दिनांक ४ फेब्रुवारी २०२३ रोजी लिहिला.

पुरवणी

सह्या करण्याआधी वकीलबाईंनी कागद वाचायला नेले. परत देताना त्या म्हणाल्या, "काका, बाकी सगळं ठीक आहे. सातवं कलम मात्र इथे बसत नाही."

मी म्हणालो, "कायद्यात नाही का चालत?"

"कायद्यात चालेल. पण गेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून तुम्ही ते इथे लिहिलंय. आणि सांगायचं कोणी, तर मी. म्हणजे शेवटचा निरोपसुद्धा तिसऱ्याच्याच हातून."

वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. मला तोंडात मारल्यासारखे झाले. घरी येऊन मी फुटपट्टीला फोन केला आणि ये म्हणालो. कारण विचारले तेव्हा, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, काही गोड बनवून सांगितले नाही. ती काल पोहोचली. आज सकाळी मी दोघींना पुढच्या खोलीत बसवले आणि सातवे कलम स्वतः वाचले.

स्वेटरपाशी फुटपट्टी म्हणाली, "माहितीय. दुकानातल्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब नसते. मी मोजली होती."

दिव्यापाशी सिस्टर म्हणाली, "खोक्यावर तिच्या तिकडच्या दुकानाचा शिक्का होता. मी नर्स आहे, आंधळी नाही. झाले होते थोडी, पण ऑपरेशन झालं ना."

दवाखान्यापाशी मी कागद खाली ठेवला. "वाचा, बाबा," फुटपट्टी म्हणाली. मी शेवटपर्यंत वाचले. मग फुटपट्टी म्हणाली, "मी शुद्धीवर आले तेव्हा माझी वेणी घातलेली होती. घट्ट, खालपर्यंत, यांची असते तशी. तुम्हाला वेणी येत नाही, बाबा. आई गेल्यावर तीन वर्षं तुम्ही माझे केस न्हाव्याकडून कापून आणत होतात." एवढे बोलून ती सिस्टरकडे वळली. "तुम्ही थांबला का नाहीत?"

सिस्टर हातांकडे बघत म्हणाली, "यांनी सांगितलं, तुला त्रास होईल."

"मी वाट बघत होते. म्हटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल. मग वाटलं, तुम्हाला नसेल सांगायचं."

"मला वाटलं, तुलाच नको असेल."

मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांत या दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या, आणि दुसऱ्या बाजूला मी. मी तोंड उघडण्याआधीच सिस्टर म्हणाली, "अहो, तुम्ही आता एक शब्द बोलू नका." फुटपट्टी म्हणाली, "बाबा, इथेच बसा." दोघी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतले.

सबब, कलम ७ ची अंमलबजावणी माझ्या हयातीत झाल्याने ते रद्द समजावे. दोघींना एकत्र बसवण्याची कलम ९ मधली सूचनाही रद्द. बाकी कलमे कायम.

हे लिहीपर्यंत पाऊण तास झाला. साक्षीदार, म्हणजे मासेवाला आणि डॉक्टर, येऊन खुर्च्यांवर बसले आहेत, आणि आत चहा मागायची आमच्यापैकी कोणाची छाती नाही. आतून मध्येच एकीचा आवाज चढतो, मग दुसरीचा. एकदा कोणीतरी रडल्यासारखे वाटले. एकदा दोघी हसल्या, बहुतेक मलाच. दारापाशी जाऊन कानोसा घ्यावा असे फार वाटते, पण मी जागचा हललेलो नाही. साक्षीदारांसमक्ष नोंद करतो की या पाऊण तासात दोघींपैकी कोणीही माझ्याकडे दुसरीसाठी निरोप दिलेला नाही.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, समाधानाने सही करत आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२३

सही : काचवाला

आमच्यासमोर सही केली, सही करताना कान स्वयंपाकघराकडे होते, मन स्वस्थ होते.

साक्षीदार १ : मासेवाला
साक्षीदार २ : डॉक्टर